भिंगरी थांबते तेव्हा

माझ्या भावाच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. ती सरळ चालत गेलेली कुणी पाहिलेलीच नाही. खाली आमचं चष्म्याचं दुकान, वर घर आणि मध्ये अरुंद लाकडी जिना. दिवसभर तिची वर-खाली ये-जा, आणि पायांबरोबर तोंडाचा पट्टाही चालू. गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं की समोरच्या तक्त्यावरची बारीक अक्षरं ही मागं उभी राहून कुजबुजत सांगायची. गिऱ्हाईक बिचारं खूश, की आपल्याला शेवटची ओळसुद्धा दिसते. मग दादा तिला बखोटीला धरून बाहेर काढायचा आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

दादा म्हणजे तिचा बाप, माझा थोरला भाऊ. नंबर काढायचं काम त्याचं. मी काउंटरवर असते. कुणाच्या नाकाला कुठली फ्रेम शोभेल ते सांगते, ढिले झालेले स्क्रू आवळून देते. वहिनी टपालखात्यात आहे, पत्रं निवडायच्या विभागात, आणि तिची पाळी उजाडताच सुरू होते. दुकान ज्यांनी उभं केलं ते आमचे वडील, आबा, मागच्या खोलीत चाकावर काचा घासतात. आता काचा घासायची यंत्रं आली आहेत, आमच्याकडेही एक आहे, पण अवघड नंबराची काच आबा अजून स्वतःच्या हातानं करतात. यंत्राला घाई असते, असं त्यांचं म्हणणं.

भिंगरी पहिलीत गेली त्या वर्षी तिचं डोकं दुखायला लागलं.

एक दिवस शाळेतून आली आणि जिन्याच्या तळाशी बसून राहिली. दप्तर पाठीवर तसंच, गाल भिंतीला टेकवलेला. मी म्हटलं, "काय गं, आज इंजिन बंद पडलं का?" एरवी अशा बोलण्याला तिच्याकडं उत्तर तयार असतं. ती नुसती म्हणाली, "आत्या, तो दिवा बंद कर ना."

"कुठला?"

"सगळे."

चष्म्याच्या दुकानात सगळे दिवे बंद करायचे म्हणजे दुकानच बंद करायचं. भिंतभर आरसे, प्रत्येक फळीखाली दिवा, आणि एक दिवा आरशांत दहा होऊन दिसतो. मी तिला वर नेलं, पडदे ओढले आणि झोपवलं. संध्याकाळी उठली ती भुकेनं कासावीस होऊन. दूध प्यायली, केळं खाल्लं आणि जिना पुन्हा दणाणायला लागला. आम्ही म्हटलं, ऊन लागलं असेल.

पण ऊन नसलेल्या दिवशीही दुखायला लागलं. कधी आठवडाभर काही नाही, कधी लागोपाठ दोन दिवस. दुखायला लागलं की चेहरा पांढराफटक, अन्नाचा वाससुद्धा नको, मग एखादी उलटी, मग झोप. झोपून उठली की मूळ भिंगरी परत. या परत येण्यानंच तिचा घात केला. मोठ्या माणसाला दुखणं दिसावं लागतं. ताप असेल तर हात लावून कळतो, खरचटलं असेल तर रक्त येतं. हिचं दुखणं झोपेत विरून जायचं आणि मागं पुरावा म्हणून काही ठेवायचं नाही.

"नंबर लागला असणार," दादा म्हणाला, आणि मला त्याच्या आवाजात चक्क सुटका ऐकू आली. पोरीला चष्मा लागावा अशी त्याला हौस नव्हती. पण नंबर निघाला असता तर इलाज त्याच्या हातातला होता. अख्ख्या वस्तीला चष्मे लावणारा माणूस, स्वतःच्या मुलीला दोन काचा लावायला त्याला काय वेळ लागणार?

त्यानं तपासणीची जड फ्रेम तिच्या एवढ्याशा नाकावर चढवली. ती तक्ता धडाधड वाचत शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि म्हणाली, "सगळ्यात खाली छापखान्याचं नाव आहे, ते पण वाचू?" पाठ असेल म्हणून दादानं दुसरा तक्ता लावला. तोही वाचला. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करून आतून बघितलं. डोळे लख्ख होते. चार दिवसांनी तिचं पुन्हा दुखलं, दादानं पुन्हा तपासलं. मग पुन्हा.

"अरे, नंबर काय रात्रीतून उगवतो का?" वहिनी म्हणाली. "सोड तिला."

आबा मागच्या खोलीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "डोकं दुखायला आधी डोकं असावं लागतं. हे काय, एवढंसं." आम्ही हसलो. भिंगरी हसली नाही. आबा आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

या दाराविषयी सांगायला हवं. मधूनच एखाद्या दुपारी आबा ते दार लावून घ्यायचे. खिडकीला जाड कापड, आत मिट्ट काळोख. घरात त्याला 'आबांची वामकुक्षी' म्हणायचे. पण ही वामकुक्षी जेवणानंतरच यायची असं नाही. गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी यायची. त्या वेळात दारावर टकटक केलेली चालायची नाही. आम्ही लहान असताना आई ओठांवर बोट ठेवून सांगायची, "तुमच्या वडिलांचं टाळकं फिरलंय, आवाज करू नका." आमची समजूत अशी की आबा तापट आहेत आणि आपल्यावर राग निघू नये म्हणून स्वतःला कोंडून घेतात. आई गेली, आम्ही मोठे झालो, समजूत तीच राहिली.

मग शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका बाई वाईट नव्हत्या. वर्ग मोठा, आणि पोटदुखी-डोकेदुखी ही मुलांची पिढीजात हत्यारं. बाईंनी ती पुष्कळ पाहिलेली. त्या वहिनीला म्हणाल्या, "मी खोटं म्हणत नाही, पण हिचं डोकं बहुतेक गणिताच्या तासालाच दुखतं. तुम्ही जरा घरी विचारून बघा."

वहिनीनं घरी येऊन तिला जवळ घेतलं. "खरं सांग हं, मी रागावणार नाही. गणित नकोसं वाटतं का?"

"मला आवडतं गणित," भिंगरी म्हणाली. जरा विचार करून पुढं म्हणाली, "डोक्याला आवडत नसेल. ते मला काय माहीत?"

वहिनीला हसू आवरेना. पण त्या दिवसापासून एक गोष्ट झाली. भिंगरीनं सांगणंच बंद केलं. दुखत असलं की गप्प बसायची, डोळे बारीक करून, ओठ मिटून. विचारलं तर म्हणायची, "काही नाही." सहा वर्षांचं लेकरू 'काही नाही' म्हणायला शिकलं, हे मला उलटीपेक्षा जास्त लागलं.

असं किती दिवस चालणार? एका दुपारी शाळेचा फोन आला की हिनं बाकावरच उलटी केली आहे, घेऊन जा. मी दुकान दादावर सोडून गेले. येताना ती माझा हात धरून, डोळे जवळजवळ मिटून चालत होती. घरी पोचलो तर वर नळदुरुस्तीवाला न्हाणीघराची फरशी फोडत होता. हातोड्याचा एकेक घाव जिन्यापर्यंत ऐकू यायचा. दुकानात गर्दी, सगळे दिवे लागलेले, एक बाई लेकीला मोठमोठ्यानं विचारत होत्या की ही फ्रेम बरी की ती. आता हिला न्यावं कुठं, या विचारात मी उभी राहिले तेवढ्यात तिनं माझा हात सोडला आणि ती सरळ मागच्या खोलीकडे गेली. दार बंद होतं. म्हणजे वामकुक्षी चालू होती. तिनं ते ढकललं आणि ती आत शिरली.

मी धावत मागं गेले. दाराच्या फटीतून बघितलं. खोलीत ओल्या काचेच्या भुकटीचा तो नेहमीचा वास होता. आबा जमिनीवर चटई टाकून आडवे, डोळ्यांवर ओलं फडकं. आता हे गरजणार म्हणून मी श्वास धरून उभी.

"कोण आहे?" आबांचा आवाज इतका खालचा मी कधी ऐकला नव्हता.

"मी. माझं डोकं दुखतंय."

मग आबा भिंतीकडे सरकले. "ये."

ती त्यांच्या शेजारी पडली. आबांनी चाचपडत फडक्याचं दुसरं टोक तिच्या डोळ्यांवर ओढलं.

"आबा, तुमचं पण दुखतं?"

"बोलू नको. बोललं की वाढतं."

"मी हळू बोलते. कुठं दुखतं?"

"डाव्या डोळ्याच्या मागं."

"माझं सगळीकडं. इथून इथपर्यंत."

"हं."

"तुम्हाला आधी ते दिसतं का?"

"काय?"

"चमचम. कडेनं. वाकडी वाकडी."

मला वाटलं, आबांना झोप लागली. मग ते म्हणाले, "काच फुटून उन्हात पडल्यासारखी."

"हो. तश्शीच." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कधीपासून दुखतं तुमचं?"

"तुझ्याएवढा होतो तेव्हापासून."

"मग तुम्ही सांगत का नाही?"

"एकदा सांगितलं होतं."

"कुणी ऐकलं नाही?"

"ऐकलं. म्हणून तर पुन्हा सांगितलं नाही. झोप आता."

मी दार हलकेच ओढून घेतलं आणि काउंटरवर येऊन उभी राहिले. त्या बाई मला विचारत होत्या, ही फ्रेम बरी की ती. मी काय उत्तर दिलं मला आठवत नाही. आईचं ते ओठांवरचं बोट मात्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तिला तरी ठाऊक होतं का, की तिलाही रागच वाटायचा, हे आता विचारायला कुणी उरलेलं नव्हतं. दादाला सांगावं असं मनात आलं, पण गोष्ट माझी नव्हती. ज्यांनी इतकी वर्षं जपून ठेवली त्यांनीच ती सांगायची की नाही ते ठरवावं.

जेवताना आबा दादाला म्हणाले, "पोरीला डॉक्टरकडे ने. मुलांच्या डॉक्टरकडे. डोळे बस झाले तुझे."

"नेतो."

"मीही येतो."

दादानं मान वर करून बघितलं. आबा स्वतःच्या दाढदुखीलाही दवाखान्याची पायरी न चढणारे.

अशा रीतीनं दुकानाला कुलूप लावून आमचं अख्खं खटलं दवाखान्यात गेलं. डॉक्टरबाईंनी खुर्च्या कमी पडताहेत हे बघितलं आणि म्हणाल्या, "एकच पेशंट ना?" मग भिंगरीला म्हणाल्या, "डोकं तुझं आहे, तेव्हा मी तुलाच विचारणार. बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही."

मला त्या बाई तिथंच आवडल्या. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न एखाद्या मोठ्या माणसाला विचारावा तसा होता, आणि उत्तर येईपर्यंत त्या थांबायच्या. कसं दुखतं म्हटल्यावर भिंगरीनं मूठ वळून टेबलावर हळूहळू आपटली. धप्, धप्, धप्. "असं. मी जिना चढले की जोरात." कधी संपतं? "झोपले की." झोपेतून दुखण्यानं जाग येते का? "नाही. उठले की भूक लागते." सकाळी शाळेत जाताना काय खाऊन जातेस? यावर तिनं दादाकडं बघितलं, आणि दादा स्वतःच्या बुटांकडं बघायला लागला. वहिनी लवकर कामावर जाते, मागं बापलेकीची धांदल, आणि भिंगरीची न्याहारी बहुतेक वेळा तशीच ताटलीत राहते, हे त्या बुटांकडं बघण्यात सगळं आलं.

डॉक्टरबाईंनी तिला सरळ रेषेवर चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, डोक्याचा घेर मोजला, रक्तदाब बघितला, डोळ्यांत आतपर्यंत बघितलं. "डोळे छान आहेत," त्या म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं," भिंगरी म्हणाली.

मग त्यांनी आम्हा सगळ्यांकडं बघून विचारलं, "घरात आणखी कुणाला असं डोकं दुखायचा त्रास आहे? लहानपणी होता?"

"नाही," दादा लगेच म्हणाला. "आमच्याकडं कुणाला नाही."

मी भिंगरीकडं बघितलं. तिला माहीत होतं. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तक्त्यावरचं एक अक्षर जिला गुपित ठेवता येत नाही, ती पोरगी ओठ घट्ट मिटून, पाय हलवत छताकडे बघत बसली होती. आबांनी तिच्याकडून काही वचन घेतलेलं नव्हतं. तरी तिनं सांगितलं नाही. ती वाट बघत होती.

"मला आहे," आबा म्हणाले.

दादा वळला. "तुम्हाला?"

"शिकाऊ होतो तेव्हा उस्तादांना सांगितलं एकदा," आबा डॉक्टरबाईंशीच बोलत होते. "म्हटलं, आज डोकं फार दुखतंय, काच नीट दिसत नाही. ते म्हणाले, डोकं दुखणाऱ्याचा हात थरथरतो, त्याच्या हातात कुणाचे डोळे देऊ? आणि माझ्या हातातलं काम काढून झाडू दिला. तो कितीतरी दिवस सुटला नाही. पुढं मी स्वतःचं दुकान काढलं, उस्ताद गेले. पण तोंड मिटलं ते मिटलंच." मग भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हिचं खरं आहे. ही सांगते तसंच असतं ते. काही फरक नाही."

वहिनीनं तोंडाला रुमाल लावला. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "याला अर्धशिशी म्हणतात," त्या म्हणाल्या. "आजकाल सगळे मायग्रेन म्हणतात."

"अर्धशिशी म्हणजे अर्धं डोकं ना?" दादानं विचारलं. "हिचं तर सगळं दुखतं."

"मोठ्यांचं पुष्कळदा एका बाजूला दुखतं. मुलांचं दोन्हीकडं दुखू शकतं आणि लवकर थांबतं. म्हणून लोकांना वाटतं, ढोंग आहे. ढोंग एवढं पांढरं पडत नाही. आणि घराण्यात असेल तर मुलांत उतरायची शक्यता असते."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. वेळेवर झोप, वेळेवर खाणं, पाणी. उपाशी राहिलं की पोटाआधी डोकं बोंब मारतं. गणिताचा तास मधल्या सुट्टीच्या अगदी आधीचा, शाळेतल्या बाईंच्या शंकेचं उत्तर तिथं होतं. दुखायला सुरुवात होताच वजनाप्रमाणे औषध द्यायचं, सोसून बघायचं नाही; पण रोज उठून द्यायचं नाही. आणि कधी झोपेतून दुखण्यानं उठली, उठल्या उठल्या उलट्या व्हायला लागल्या, चाल बदलली, किंवा दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर वाट न बघता थेट यायचं. शेवटी त्या आबांना म्हणाल्या, "आजोबा, माझे पेशंट व्हायला तुम्ही जरा उशीर केलात. मी मुलांची डॉक्टर. पण मोठ्यांच्या एका चांगल्या डॉक्टरांकडं पाठवते. जाल ना?"

आबा काही बोलायच्या आत भिंगरी म्हणाली, "मी नेते त्यांना."

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना दादा स्टुलावर चढला आणि काउंटरच्या बाजूचे दिवे काढायला लागला. मी खाली हात पुढं करून उभी, तो एकेक माझ्या हातात देत होता. आबा चाक पुसत होते. दादा वरूनच, त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "मला लहानपणी वाटायचं, तुम्ही माझ्यावर चिडून दार लावता."

आबांचा हात थांबला. "नाही रे," ते म्हणाले. "तू दंगेखोर होतास. पण चांगला होतास."

दादा बराच वेळ स्टुलावरून उतरला नाही. मीही त्याच्याकडं बघितलं नाही.

वहिनीची पाळी बदलणं शक्य नव्हतं, तेव्हा सकाळची न्याहारी आबांनी आपल्या अंगावर घेतली. जन्मात चहाही न केलेला माणूस अंडी उकडायला शिकला. पहिले काही दिवस ती दगडासारखी व्हायची. भिंगरी ताटली रिकामी केल्याशिवाय उठायची नाही, आणि आबांनाही उठू द्यायची नाही, कारण डॉक्टरांचे नियम दोघांना सारखेच होते. दुपारी दुकानात गिऱ्हाइकांसमोर ती मोठ्यानं विचारायची, "आबा, पाणी प्यायलात?" आबा चाकाचा आवाज वाढवायचे. ती जाऊन चाक बंद करायची.

आबांनाही गोळ्या सुरू झाल्या. दुखणं दोघांचंही गेलं नाही, जायचं नव्हतंच. पण विरळ झालं, आणि जेव्हा यायचं तेव्हा मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असायचं. आत आबा आहेत, की भिंगरी, की दोघं, हे आम्ही हळूच डोकावून बघायचो आणि पाण्याचं भांडं आत सरकवायचो.

शाळेतल्या बाईंना वहिनीनं सगळं जाऊन सांगितलं. त्यांनी एका शब्दानंही वाद घातला नाही. भिंगरीला म्हणाल्या, "सुरू झालं की हात वर करायचा. मला सांगायचं आणि सरळ शिक्षकांच्या खोलीत जाऊन पडायचं. विचारायचंही नाही." गणिताच्या तासाला आता तिचा हात वर जायचा तो बहुतेक उत्तर सांगायला.

वर्षाच्या शेवटी शाळेत मुलांचं नाटुकलं होतं. जंगलाची गोष्ट. बाकी मुलं झाडं आणि प्राणी, भिंगरी वारा. बाईंची निवड अचूक होती. निळ्या-करड्या फितींचा झगा वहिनीनं शिवला, आणि सगळ्या जंगलात सगळ्यात जास्त वाक्यं वाऱ्यालाच होती. ती तिनं जिन्यात, दुकानात, तोंडात दात घासायचा ब्रश धरूनसुद्धा घोकली.

त्या दिवशी वहिनी पाळीवर, दादा दुकानात, म्हणून आबा आणि मी पुढच्या रांगेत बसलो होतो. पडदा उघडायच्या जरा आधी बाई बाजूच्या दारातून आल्या आणि त्यांनी मला खुणेनं बोलावलं. आबाही उठले. पडद्यामागं सगळी झाडं रांगेत उभी, आणि त्यांच्या पुढं भिंगरी, चेहरा कागदासारखा.

"हिनं हात वर केला," बाई हळूच म्हणाल्या. "सगळे तयार होऊन उभे, संगीत सुरू करणार एवढ्यात हिनं हात वर केला आणि म्हणाली, बाई, मला चमचम दिसतेय."

वहिनीनं शाळेत देऊन ठेवलेलं औषध बाईंनी दिलेलंच होतं. मी तिला उचलून शिक्षकांच्या खोलीत नेलं, आबांनी पडदे ओढले. बाकावर आडवी झाली तेव्हा फिती सगळीकडे पसरल्या. बाहेर संगीत सुरू झालं.

"वारा कोण झालं?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"त्या मोठ्या झाडाला केलं बाईंनी. तिला तुझी सगळी वाक्यं येतात म्हणे."

"येणारच. मी रोज म्हणायचे." मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. आबांनी ते अंगठ्यानं पुसलं. थोड्याच वेळात तिचा श्वास लांब झाला.

आम्ही दोघं बाहेर येऊन दाराशी उभे राहिलो. सभागृहातून टाळ्या ऐकू येत होत्या. आबा म्हणाले, "मी उस्तादांचा झाडू चालवला, दुकान चालवलं, तुम्हाला वाढवलं. पण एवढी हिंमत मला झाली नाही. सगळ्यांसमोर, हौसेच्या वेळी, हात वर करायचा." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "माझी नात आहे ती," ते म्हणाले, जणू मला माहीतच नव्हतं.

पुढं बाईंनी सांगितलं की त्या दिवसानंतर वर्गात आणखी एका मुलीनं हात वर केला. तिचंही कधीपासून दुखत होतं, घरी कुणाला पत्ता नव्हता. तिला खरंच चष्म्याचा नंबर होता. तो दादानं काढला, आणि इतक्या प्रेमानं काढला की मी काउंटरवरून बघत राहिले.

नाटुकल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंगरी दुपारी झगा घालून खाली आली. "मी वारा करून दाखवणार आहे," तिनं जाहीर केलं. दुकानात तेव्हा एकच गिऱ्हाईक होतं, एक वयस्क बाई, डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवलेल्या. त्यांना समोरचं सगळं धूसर दिसत होतं. आबांनी मागच्या खोलीतून स्टूल आणून टाकलं, दादा दारात उभा राहिला, आणि वारा जिन्यावरून सुसाटत खाली आला. फळ्यांवरच्या फ्रेमा थरथरल्या. त्यानं झाडांना दटावलं, ढगांना हाकललं, एका घरट्यापाशी येऊन आवाज अगदी हळू केला, आणि मग काउंटरला वळसा घालून पुन्हा जिन्यावरून वर गेला.

सगळ्यात जास्त टाळ्या त्या बाईंनी वाजवल्या. "मला काही दिसलं नाही हं, बाळ," त्या म्हणाल्या. "पण वारा लागला."

"पुन्हा करू?" जिन्यावरून आवाज आला.

"कर," आबा म्हणाले, आणि नीट दिसावं म्हणून त्यांनी स्टूल पुढं ओढलं.